शेवटची बोटभर जागा

रावसाहेब आगाशे यांनी सुई उचलली आणि कर्ण्यातला आवाज ओळ संपता संपता थांबला.

“इथंवरच,” ते म्हणाले. “पुढं तडा आहे.”

बंडोपंत साठे यांनी चष्मा काढून डोळे पुसले. गोदावरीची रेकॉर्ड लागली की ते दर वेळी पुसायचे. बाकीचे खाली बघत बसून राहिले. मी फोनोपासून हातभर अंतरावर होते. खिडकीतलं ऊन सरळ तबकडीवर पडलं होतं आणि मला तडा कुठंच दिसत नव्हता.

दिसत होतं ते वेगळंच. लाखेच्या त्या जुन्या तबकड्यांना पोलादी सुई झिजवते. वाजवून वाजवून त्यांची चकाकी जाते आणि त्या करड्या पडतात. रावसाहेबांची ही तबकडी काठापासून आत सगळी करडी होती. फक्त मधल्या कागदाला लागून बोटभर पट्टी नव्या बुटासारखी काळीभोर होती. तिथवर सुई जातच नव्हती.

“सिस्टर, इतकं काय बघताय?” रावसाहेबांनी विचारलं.

“तडा शोधतेय.”

“दृष्ट लावाल,” बंडोपंत म्हणाले. लोक हसले. रावसाहेब हसले नाहीत. त्यांनी तबकडी मखमली पाकिटात घातली, पाकीट पेटीत ठेवलं आणि पेटीला कुलूप लावलं.

ही मिरजेतली गोष्ट आहे, साठीच्या दशकाच्या अखेरची. उस्मानभाईंच्या तंबोऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत, छताला टांगलेल्या भोपळ्यांच्या खाली, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमचं श्रवण मंडळ भरायचं. मी तिथल्या मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांच्या वॉर्डात नर्स होते. माझे वडील रेल्वेत गार्ड. हुबळी, बेळगाव, गुंतकल, जिथं गाडी थांबेल तिथल्या जुन्या बाजारातून ते रेकॉर्डी आणायचे. ते गेल्यावर रावसाहेब भेटायला आले आणि चहा संपवून म्हणाले, “आता त्या पेट्यांचं काय करणार?”

“वाजवणार,” मी म्हटलं.

बाईमाणूस, त्यातून ख्रिस्ती, त्यातून रात्रपाळ्या करणारी. मला मंडळात घ्यायचं की नाही यावर बरीच चर्चा झाली म्हणे. पण वडिलांच्या पेटीतल्या काही रेकॉर्डी दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या, म्हणून घेतलं. सगळे मला सिस्टर म्हणायचे. रणभिसे हे माझं आडनाव कुणी घेतल्याचं आठवत नाही.

मंडळाचे नियम रावसाहेबांनी केले होते. ते निवृत्त मामलेदार. रेकॉर्ड अस्सल, त्या काळची छापलेली हवी. नव्यानं काढलेली नको, टेप तर नकोच. ज्याची रेकॉर्ड त्यानंच सुई ठेवायची आणि त्यानंच उचलायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. सभेला एखादा पाहुणा आणता येतो आणि पाहुण्याला एक रेकॉर्ड लावता येते. आणि पडदा. कुणाला अगदी दुर्मिळ रेकॉर्ड मिळाली, तर तो मधल्या चकतीवर कागद चिकटवून तिचं नाव झाकायचा. इतरांनी आवाजावरून गायिका ओळखायची. नाही ओळखता आली, तर पडदा तसाच राहायचा. नाव कळलं की बाकीचे दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात तीच शोधायला निघणार, ही भीती. जितके दिवस पडदा, तितका मालकाचा मान.

रावसाहेबांचा पडदा सगळ्यांत जुना होता. गुलाबी कागद आता पिवळट झाला होता. कागद न काढता त्यांनी तोंडी एवढंच सांगितलं होतं की गायिका ग्वाल्हेरकडची एक बालविधवा, पहिलं नाव गोदावरी. घरच्यांना चोरून तिनं एकच रेकॉर्ड दिली. घरी कळलं आणि तिनं नदीत उडी घेतली. गाणं होतं, ‘दारी दिवा, पाठी वारा, थांबू किती मी सांगा.’ त्यातल्या ‘वारा’वर तिचा आवाज एकदम मागं जायचा आणि फाटल्यासारखा व्हायचा. मंडळात त्याला गोदावरीचा हुंदका म्हणत. त्या हुंदक्यावर बंडोपंतांनी एकदा तासभर भाषण केलं होतं.

त्या दिवशी पेटी बंद केल्यावर रावसाहेब म्हणाले, “पुढल्या सभेला रेडिओचे पोंक्षे येणार आहेत. गोदावरी टेप करून नेतील. तिची हकीकत मी माझ्या तोंडानं सांगणार आहे. सगळ्या महाराष्ट्राला कळू दे ती कोण होती.”

त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात मोतीबिंदूची एक म्हातारी दाखल झाली. त्या काळी ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला उताणं झोपवून ठेवत. हलायचं नाही, खोकायचं नाही. ही गुणगुणत होती.

“आजी, गाणं बंद. टाके निघतील.”

“तोंडाला पन टाका घाला की मग.”

“डोकं हलतं गाताना.”

“माजं न्हाई हलत. मास्तरनं तशीच तालीम दिलीया.” आणि ती पुढं म्हणाली, अगदी हळू, ‘दारी दिवा, पाठी वारा.’

माझ्या हातात थर्मामीटर होता. तो मी आधी टेबलावर ठेवला.

“हे कुठं ऐकलंत?”

“ऐकलं? म्हटलंय मी. प्लेट हाय माजी.”

तिचं नाव गजराबाई. मूळची निपाणीची, आई तिथं बैठकीचं गाणं करायची. चौदा वर्षांची असताना बेळगावात एका बंगल्यात कुणी गोरा साहेब यंत्र घेऊन आला होता, तिथं तिला नेलं. भिंतीतून एक मोठा कर्णा बाहेर आलेला. त्यात तोंड घालून गायचं.

“खालचा सूर आला की मास्तर मान धरून माजं तोंड कर्न्यात कोंबायचा. वरचा आला की मागं वढायचा, न्हाईतर यंत्र बिघडतं म्हनं. वर जाताना त्यो मान सोडून वेनीच धरायचा. ‘वाऱ्या’वर अशी वढली की डोळ्यांत पानीच आलं.”

मी पलंगाच्या कडेला बसले. नर्सनं पेशंटच्या पलंगावर बसायचं नसतं.

“तिथं आवाज फाटतो,” मी म्हटलं.

“तुला काय ठावं?”

मग मी तिला गोदावरीची सगळी हकीकत सांगितली. ग्वाल्हेर, विधवा, नदी, हुंदका, बंडोपंतांचे डोळे. ती हसायला लागली, आणि मला तिचं कपाळ दाबून धरावं लागलं.

“बया बया. मला पान्याची भ्या वाटती गं. मी नदीत पाय सुदिक घालत न्हाई.”

“ते रेडिओवर सांगणार आहेत.”

“काय?”

“की ती गोदावरी होती. गाणं वाजवणार आणि ते नाव सांगणार.”

तिचं हसू थांबलं. पट्टीखाली डोळे कसे होते ते मला दिसत नव्हतं. तिनं पिशवीवरचा हात चाचपत माझ्या मनगटावर आणला.

“आन् शेवटाला मी काय बोलले ते?”

“शेवटाला?”

“प्लेट साता समुद्रापार जायाची छापायला. तिथल्या मानसाला कळावं कुनाची, म्हनून गानं झालं की आपलं नाव सांगायचं, मोठ्यानं. मी गान्यापरास त्याचीच तालीम जास्ती केलती. ते वाजवत न्हाईत व्हय?”

ती बोटभर काळी पट्टी माझ्या डोळ्यांपुढं आली. “नाही,” मी म्हटलं. “तिथं सुई उचलतात.”

“ही पट्टी कवा सुटनार?” तिनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून मी रावसाहेबांच्या घरी गेले. जे काही करायचं ते त्यांना आधी सांगून, असं मी ठरवलं होतं. ते एकटे राहत होते, मुलगा-सून मुंबईला. त्यांनी स्वतः चहा केला आणि मी बोलत असताना एकदाही मधे तोंड घातलं नाही.

“सिस्टर,” शेवटी ते म्हणाले, “म्हाताऱ्या बायका पुष्कळ सांगतात. आमच्या कचेरीत एक यायची, ती झाशीच्या राणीची मावसबहीण होती.”

“वेणी ओढल्याचं ती स्वतःहून बोलली. मी विचारलं नव्हतं.”

“गाणं तिनं ऐकलेलं असेल कुठंतरी. पुरावा काय?”

“पुरावा तुमच्या पेटीत आहे. एकदा शेवटपर्यंत वाजवा.”

“तिथं तडा आहे.”

“दिसत नाही तो.”

“मला दिसतो.” त्यांनी कप बशीत ठेवला. आवाज चढवला नाही. “माझी बायको गेली त्या वर्षी ही रेकॉर्ड मिळाली. या घरात, या खुर्चीवर बसून मी ती किती वेळा ऐकली असेल हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. ती गोदावरी आहे. लोक तिच्यासाठी रडतात. निपाणीच्या बैठकीतल्या एका पोरीसाठी कोण रडणार आहे?”

“तिला रडायला नकोय कुणी. तिला नाव हवंय.”

“मग तिनं स्वतःची रेकॉर्ड आणावी,” रावसाहेब म्हणाले. “मंडळाचा नियम आहे. ज्याची रेकॉर्ड, त्याची सुई.”

त्यांना वाटलं, बोलणं तिथं संपलं. मलाही तसंच वाटलं होतं.

गजराबाईंना सोडायला मी टांग्यातून गेले. डाव्या डोळ्यावर हिरवी झापड, उजवा उघडा. स्टेशनमागं एका चाळीत त्यांची खोली होती. भाची दोन घरं सोडून राहायची. त्यांनी मला बसायला पाट दिला आणि चहाबरोबर द्यायला दशम्या करते म्हणाल्या. पिठाच्या डब्याकडे गेल्या आणि वरचं झाकण काढून माझ्या शेजारी जमिनीवर ठेवलं.

ती तबकडी होती. मधली चकती हात लागून लागून पुसून गेली होती, एक अक्षर उरलं नव्हतं. काठाचा एक मोठा टवका उडालेला, चंद्राच्या कोरीएवढा. खाचांत पीठ.

“ही काय?”

“झाकन.”

“आजी, ही तुमची प्लेट आहे?”

“फुटकी हाय ती. काय वाजायची न्हाई. पर गोल हाय, बसती डब्यावर.”

मी ती उजेडात धरली. टवका काठाला होता. तबकडी बाहेरून आत वाजत जाते. काठ गेला म्हणजे सुरुवात गेली. शेवट जागच्या जागी होता.

“आजी, ही वाजेल. सुरुवात सोडून.”

त्यांनी पीठ चाळता चाळता माझ्याकडे एका डोळ्यानं बघितलं. “आन् शेवट?”

“शेवट आहे.”

“मग ने,” त्या म्हणाल्या. “पर परत आन. डब्याला मुंग्या लागत्यात.”

दवाखान्यात आम्ही सगळं स्पिरिटनं पुसतो. लाखेला स्पिरिट लावलं की ती विरघळते, हे वडिलांनी लहानपणीच सांगितलं होतं. मी रिठ्याचं पाणी केलं आणि डोळ्याच्या ड्रेसिंगचा मऊ कापूस घेऊन एकेका खाचेतलं पीठ काढलं. वाजवून मात्र बघितली नाही. तिच्यावर पहिली सुई कुणी ठेवायची ते ठरलेलं होतं.

त्या रविवारी मंडळाची खोली भरली होती. पोंक्षे तरुण होते, घामेजलेले, आणि त्यांचं टेपचं यंत्र जिन्यावरून चढवताना उस्मानभाईंचे दोन कारागीर लागले होते. गजराबाई माझा हात धरून वर आल्या. नऊवारी, डोळ्यावर झापड, तोंडात पान. बंडोपंतांनी सरकून जागा दिली आणि मग जरा जास्तच सरकले.

“या आपल्या कोण?” त्यांनी मला विचारलं.

“पाहुण्या.”

रावसाहेबांनी गजराबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. त्यांनी त्यांना नमस्कार केला, अगदी व्यवस्थित, आणि आपल्या जागी बसले.

आधी त्यांनी गोदावरीची हकीकत सांगितली. चांगली सांगितली. नदीपाशी आल्यावर त्यांचा आवाज खरोखर कापला. गजराबाई पान चघळत ऐकत होत्या. मग रेकॉर्ड लागली. ‘वाऱ्या’वर तो आवाज मागं गेला आणि फाटला, आणि गजराबाईंचा हात आपोआप मानेमागं अंबाड्याकडे गेला. ते फक्त मी पाहिलं असं मला वाटलं. नंतर उस्मानभाई म्हणाले, त्यांनीही पाहिलं होतं.

ओळ संपत आली. रावसाहेबांनी सुई उचलली.

“शेवट नाही का?” पोंक्ष्यांनी विचारलं.

“पुढं तडा आहे.”

“पाहुण्यांची एक रेकॉर्ड राहिली आहे,” मी म्हटलं आणि पिशवीतून तबकडी काढली.

बंडोपंतांनी ती बघितली आणि म्हणाले, “अहो सिस्टर, ही फुटकी आहे. फुटकी रेकॉर्ड आपण लावत नाही.”

“नियमात कुठं आहे?”

“लिहिलेलं नसलं तरी समजायला नको?”

“तडा गेलेली चालते,” मी म्हटलं, “मग टवका गेलेली का नाही?”

उस्मानभाई दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभे होते. “रावसाहेब,” ते म्हणाले, “पाहुण्याला एक रेकॉर्ड. कायदा तुमचाच.”

रावसाहेबांनी फोनोवरून आपली तबकडी काढली आणि बाजूला सरकले. “लावा,” ते म्हणाले.

मी किल्ली दिली, नवी सुई बसवली. गजराबाईंना फोनोपाशी बसवून टवक्याच्या आतली जागा त्यांच्या बोटाला दाखवली. आयुष्यात त्यांनी कधी सुई ठेवली नव्हती. त्यांनी ती पोळी तव्यावर टाकावी तशी ठेवली, एकदम आणि न घाबरता.

आधी खरखर झाली. साठ वर्षांचं पीठ एका रिठ्यानं थोडंच जातं. मग खरखरीच्या आतून गाणं आलं, मधूनच, ‘थांबू किती मी सांगा.’ बंडोपंतांनी मान वर केली. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा खोलीतल्या प्रत्येकाला कळलं होतं की आपण काय ऐकतोय. जगात एकच आहे असं समजून ज्याच्यापुढं ते माना डोलवत होते, ते एका पिठाच्या डब्यावरून आलं होतं.

रावसाहेब गुडघ्यावर उठले. “बाई,” ते म्हणाले, “सुई उचला. पुढं खराब आहे. यंत्र बिघडेल.”

“मालक मी न्हवं का?” गजराबाई म्हणाल्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही.

ओळ संपली. जिथं रावसाहेबांचा हात पुढं यायचा ती जागा आली आणि गेली. क्षणभर नुसती खरखर. मग एक पोरगी ओरडली, गळ्याच्या शिरा ताणून, शेतातून पलीकडच्या बांधावर हाक मारावी तशी:

“मी गजरा! निपाणीची!”

सुई मधल्या कोऱ्या जागेत फिरत राहिली. गजराबाईंना ती उचलायची कशी ते माहीत नव्हतं, आणि नियमाप्रमाणे दुसरं कुणी उचलू शकत नव्हतं. शेवटी मी त्यांचा हात धरून ती उचलली.

“टवका कशानं उडाला?” पोंक्ष्यांनी विचारलं. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं असावं.

“शेटनं फेकली,” त्या म्हणाल्या. “तंबाकूच्या वखारीचा मालक. त्याच्या पैशावर आमचं घर चालायचं. बेळगावला जाताना त्यानं सांगितलं हुतं, शेवटाला म्हनायचं, ‘मी शेटजींची गजरा.’ मास्तरनं तीच तालीम घेतलीती. म्हनायच्या वक्ताला मास्तरचा हात वेनीवर न्हवता. म्हनून माज्या मनातलं म्हटलं.” त्यांनी तबकडीवरून बोट फिरवलं. “म्हैन्यांनी प्लेट आली. त्यानं दहा मानसं बलावली, जेवान घातलं आन् लावली. शेवट ऐकून मानसं हसली. त्यानं ती उंबऱ्यावर मारली. मी उचलून आनली.”

उस्मानभाईंनी ट्रे खाली ठेवला. कुणी कप घेतला नाही.

“सुरुवात नाहीये,” पोंक्षे यंत्राकडे बघत म्हणाले. “अर्धं गाणं कसं लावणार? रावसाहेब, तुमची जर एकदा शेवटपर्यंत—”

“माझ्या रेकॉर्डला तडा आहे,” रावसाहेब म्हणाले. आता खोलीतल्या कुणाचाही त्यावर विश्वास नव्हता आणि त्यांना ते ठाऊक होतं. तरी ते ताठ बसून होते. “माझी रेकॉर्ड, माझी सुई.”

“बरोबर हाय त्यांचं,” गजराबाई म्हणाल्या. “त्यांची त्यांनी ठेवावी. सुरुवातच पायजे न्हवं? करा यंत्र सुरू.”

त्यांनी पान खिडकीबाहेर थुंकलं, दोन घोट पाणी घेतलं आणि मांडी बदलली. पेटी नाही, तबला नाही. उस्मानभाईंनी दुकानातला एक नवा तंबोरा खाली जाऊन आणला, तारेला हात लावला आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी सूर थोडा खाली मागितला. मग गायल्या, ‘दारी दिवा, पाठी वारा.’

आवाज म्हातारा होता, कडांना झिजलेला. पण ‘वाऱ्या’वर तो सरळ वर गेला, काठीसारखा, आणि तिथं उभा राहिला. मागं हटला नाही, फाटला नाही.

“तो हुंदका आला नाही,” रावसाहेब म्हणाले. मला वाटतं, ते नकळत बोलले.

“वेनी वढायला मास्तर कुटाय?”

बंडोपंत कासावीस झाले होते. “पण पोंक्षे, हे जोडून लावणार तुम्ही? अर्धं आजचं, अर्धं तेव्हाचं? मंडळाच्या नावावर? हे अस्सल म्हणता येणार नाही.”

गजराबाईंनी झापड जरा वर करून त्यांना दोन्ही डोळ्यांनी नीट बघून घेतलं.

“मग मी कोन?” त्यांनी विचारलं.

रेडिओवर ते तसंच लागलं. आधी म्हातारी, मग खरखर, मग पोरगी, शेवटी ती हाक. निवेदकानं नाव सांगितलं, गजराबाई निपाणीकर. आम्ही ते खाली उस्मानभाईंच्या दुकानात बसून ऐकलं. “पोरगी लई वरडती,” गजराबाई म्हणाल्या. “म्हातारी बरी हाय.” कार्यक्रमानंतर रेकॉर्डीसाठी तिघे संग्राहक त्यांच्या चाळीत जाऊन आले. त्यांनी तिघांनाही पिठाचा डबा दाखवला आणि मुंग्यांचं कारण सांगितलं.

त्यानंतर मंडळात गोदावरी लागली नाही. रावसाहेब येत राहिले. माझ्याशी बोलत, पण बेतानं. पडद्याचा विषय कुणी काढत नसे. एकदोघांनी आपापल्या रेकॉर्डींवरचे कागद गुपचूप काढून टाकले. मंडळाचं एक सुख कमी झालं, अशी तक्रार बंडोपंत शेवटपर्यंत करत होते.

पुढं गजराबाई गेल्या, आणि नंतर काही वर्षांनी रावसाहेबही. त्यांची सून मुंबईहून आली होती. घर आवरताना ती एक मखमली पाकीट घेऊन दवाखान्यात आली.

“बाबांनी ही तुम्हाला द्यायला सांगितली होती,” ती म्हणाली. “म्हणाले, सिस्टरांना तडा शोधायचाय.”

मी त्या संध्याकाळी घरी खिडकीचे पडदे सारून दिवा जवळ घेतला. तडा नव्हता. बोटभर पट्टी तशीच काळी होती, पण तिच्यावर सुईची एकच पुसट रेघ होती. त्यांनी ती एकदा ऐकली होती. कदाचित आणली त्याच दिवशी.

पिवळा पडलेला कागद मी पाण्यानं भिजवून काढला. खाली गजराचंच नाव छापलेलं होतं. रेकॉर्ड अजून माझ्याकडे आहे. कुणी आलं की लावते, आणि सुई शेवटपर्यंत जाऊ देते. ती बोटभर जागाही आता करडी झाली आहे.